‘लायनिंगला ८, शेडिंगला ६’: रोटरी मशीनबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यापासून खारघरपर्यंत टॅटू शिकणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “रोटरीने लायनिंग होत नाही, रेघ कॉइलनेच येते. रोटरीत व्होल्टेज सोडून अ‍ॅडजस्ट करायला काही नसतं. लायनिंगला ८ व्होल्ट, शेडिंगला ६, मशीन कुठलंही असो. स्ट्रोक मोठा म्हणजे सुई खोल, म्हणून नवख्यांनी अडीच मिलीमीटरचंच मशीन घ्यावं. मशीन जड चाललं की तेल सोडावं.”

रोटरी म्हणजे फिरणाऱ्या मोटरने सुई वरखाली करणारं टॅटू मशीन, कॉइल म्हणजे विद्युतचुंबकाने करणारं. लायनिंग म्हणजे रेघ ओढणं, शेडिंग म्हणजे छटा भरणं. मेसेजमध्ये आकडे आहेत, म्हणून तो खरा वाटतो. शिकाऊ माणूस हे आकडे लावतो आणि कुणाच्या तरी दंडावर काम सुरू करतो. तिथे चूक झाली तर खोडरबर नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देत आहोत. क्रम मेसेजमधला नाही, जे वाक्य जास्त नुकसान करतं ते आधी घेतलं आहे.

“स्ट्रोक मोठा म्हणजे सुई खोल.” हे चूक आहे. सुई सर्वांत वरच्या जागेपासून सर्वांत खालच्या जागेपर्यंत जितकी सरकते तो स्ट्रोक. मोटरच्या दांड्यावरच्या कॅमची (सुईला हलवणाऱ्या चकतीची) पिन मध्यापासून जितकी बाजूला, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. पिन १.७५ मिमी बाजूला असेल तर स्ट्रोक ३.५ मिमी. सुई कातडीत किती जाते हे वेगळ्याच दोन गोष्टींवर ठरतं: खालच्या टोकाला असताना ती कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या, बदलायच्या नळीच्या) तोंडातून किती बाहेर येते, आणि ते तोंड तुम्ही कातडीपासून किती वर धरलं आहे. ग्रिप (धरायची मूठ) फिरवून आपण बदलतो ती पहिली गोष्ट, म्हणजे ‘हँग’. ४ मिमी स्ट्रोकच्या मशीनला २ मिमी हँग ठेवली आणि तोंड कातडीला नुसतं टेकवून रेघ ओढली, तर सुई २ मिमीच्या पुढे जाणार नाही. उलट २.५ मिमीच्या ‘सुरक्षित’ मशीनला ३ मिमी हँग ठेवून हात दाबला तर ती ३ मिमीपर्यंत जाऊ शकते. शाई बसायला हवी ती डर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, साधारण १ ते २ मिमी खोलीवर. त्याखालच्या चरबीत उतरलेली शाई पसरते आणि रेघेच्या कडेला निळसर डाग येतो, तोच ब्लोआउट. मनगटाची आतली बाजू, कोपराची खोबण, घोटा इथे कातडी पातळ असते, तिथे हा डाग सर्वांत लवकर दिसतो.

अडीचच्या मशीनने नवख्याचा आणखी एक तोटा होतो, तो हिशोब करून पाहावा असा आहे. सुई दीड मिमी आत जाते असं धरा. स्ट्रोक २.५ मिमी असेल तर ती वर आल्यावर कातडीपासून जेमतेम १ मिमी सुटते, आणि प्रत्येक फेरीत सुमारे ५६ टक्के वेळ ती आतच असते. ४ मिमी स्ट्रोकला तीच सुई अडीच मिमी सुटते आणि सुमारे ४२ टक्के वेळच आत राहते. हात पुढे सरकतो आहे आणि सुई आत आहे, म्हणजे ती कातडी ओढते. त्यामुळे लांब रेघेत हात अडखळतो, कड फाटते, नंतर खपली जाड धरते. शिवाय सुईचा वेग स्ट्रोकच्या प्रमाणात असतो. सेकंदाला १०० फेऱ्यांवर ३.५ मिमी स्ट्रोकची सुई मध्यावर सुमारे १.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, २.५ मिमीची सुमारे ०.७९ ने. तोच जोर आणायला अडीचच्या मशीनला सेकंदाला १४० फेऱ्या द्याव्या लागतात, आणि मग हात हळू असलेल्या नवख्याकडून एकाच जागी मार बसतो. अडीच ते ३ मिमी स्ट्रोक वाईट नाही. हलक्या ग्रे वॉशचे (पातळ केलेल्या काळ्या शाईचे) थर, चेहऱ्यातल्या छटा यासाठी तो उत्तमच आहे. पण पहिलं मशीन एकच घ्यायचं असेल तर ३.५ मिमीचं घ्या. जाड रेघ आणि गच्च काळं भरायचं काम जास्त असेल तर ४ मिमीचं.

स्ट्रोक बदलता येणारं मशीन असेल तर एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही आणि पुष्कळदा विकणाराही सांगत नाही. ३.५ वरून ४ वर गेलात की सुईची खालची जागा ०.२५ मिमी खाली जाते आणि वरची ०.२५ मिमी वर. म्हणजे ग्रिपला हात न लावताही हँग पाव मिलीमीटरने वाढली. स्ट्रोकची चकती फिरवली की हँग नव्याने लावायची. हँग लावताना मशीन अगदी कमी वेगावर चालवा आणि नजर सुईच्या बाहेरच्या टोकावर ठेवा. बंद मशीनमध्ये सुई कुठेही थांबलेली असते, त्यावरून लावलेली हँग फसवते. आणि सुई वर आल्यावर तोंडाच्या आत शिरते का तेही पाहा. ती कायम बाहेरच राहिली तर शाई नीट उचलली जात नाही आणि रेघ मधेच कोरडी पडते.

डब्यावर छापलेला स्ट्रोक खरा आहे का, हे तपासायला ०.०२ मिमी मोजणारा साधा व्हर्निअर पुरतो. वीज काढा. उघड्या फ्रेमच्या मशीनचा कॅम बोटाने फिरवून ड्राइव्ह बारचं (सुईला ढकलणाऱ्या दांडीचं) वरचं आणि खालचं टोक मोजा. फरक हा स्ट्रोक. तीन वेळा मोजा. तीन मापांत आपसांत ०.१ मिमीहून जास्त तफावत आली तर बेरिंग किंवा पिन ढिली आहे. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या लेथवर नवा कॅम करून घेण्याचा विचार असेल, तर पिनेच्या समोरच्या बाजूचं वजनही तेवढंच नेमकं हवं हे आधी सांगा. नाहीतर स्ट्रोक बरोबर येईल आणि मशीन हातात थरथरेल.

आता व्होल्टचं वाक्य: “लायनिंगला ८, शेडिंगला ६.” डीसी मोटरला जास्त व्होल्ट दिले की ती जास्त वेगाने फिरते, एवढाच त्याचा अर्थ. किती वेगाने, हे प्रत्येक मोटरचं वेगळं असतं. समजा एक मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला १०,००० फेरे घेते आणि दुसरी ७,०००. दोन्हींना ७.२ व्होल्ट दिले तर पहिली मिनिटाला ६,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा सुई मारते. दुसरी ४,२०० फेरे, म्हणजे ७० वेळा. सप्लायवर आकडा तोच, कातडीवर काम वेगळं. हे झालं मोकळं चालताना. कातडीवर टेकल्यावर वेग आणखी पडतो, आणि १५ चा मॅग्नम (१५ सुयांचा रुंद गट) किंवा कडक मेंब्रेनची, म्हणजे आतल्या रबरी पडद्याची, कार्ट्रिज ३ आरएलपेक्षा (रेघेच्या ३ सुयांच्या गोल गटापेक्षा) मोटरवर जास्त भार टाकते. काही ब्रशलेस मशीनचा ड्रायव्हर भार आला तरी वेग टिकवतो, साध्या ब्रशच्या मोटरला ते जमत नाही. त्यात सप्लायपासून मशीनला वीज नेणारी आरसीए वायर सैल असली की सप्लाय ८ दाखवतो आणि मशीनपर्यंत त्याहून कमी पोचतात. मशीन चालू असताना टोकावर मल्टिमीटर लावून पाहा.

म्हणून लक्षात ठेवायचा आकडा व्होल्टचा नाही, सेकंदाला किती मार बसतात त्याचा आहे. तो मोजणं अवघड नाही: कॅमवर चमकदार पट्टीचा तुकडा चिकटवा, ऑप्टिकल टॅकोमीटर धरा, आलेल्या आरपीएमला ६० ने भागा. पेन मशीनचा कॅम दिसत नसेल तर फोनमधलं ट्यूनर अ‍ॅप शांत खोलीत मशीनजवळ धरा. सेकंदाला ९८ मार असतील तर ते ‘जी’ दाखवेल, गाणारे ज्याला पांढरी पाच म्हणतात तो, तोही खर्जातला. अ‍ॅप कधी कधी दुप्पट आकडा दाखवतं. १०० अपेक्षित असताना १९६ आले तर त्याचा निम्मा घ्या.

मग हाताचा वेग जोडा. हात सेकंदाला २० मिमी सरकतो आणि मशीन १०० मार देतं, तर दोन ठिपक्यांत ०.२ मिमी अंतर राहतं. हात ४० वर गेला तर ०.४ मिमी, आणि बारीक सुईची रेघ ठिपक्यांची दिसू लागते. उलट हात ५ मिमीवर रेंगाळला आणि मशीन १२० वर असलं तर ठिपके ०.०४ मिमीवर पडतात, म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा टोचली जाते आणि कातडी सोलवटते. सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर १० सेंमीची रेघ आखा आणि ती ४ सेकंदांत ओढा, म्हणजे सेकंदाला २५ मिमी. ५ व्होल्टपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने वाढवा. ठिपके जिथे पहिल्यांदा सलग होतात तो तुमच्या हाताचा, त्या मशीनचा, त्या कार्ट्रिजचा आकडा. पट्टीवर लिहून मशीनला चिकटवा. शेडिंगला हा आकडा कमीच हवा असाही नियम नाही. पेपर (मिरपूड भुरभुरल्यासारख्या) शेडिंगमध्ये ठिपके सुटे दिसायला हवेत म्हणून मशीन हळू आणि हात जलद; गच्च काळं भरताना हात गोल फिरतो आणि मशीन लायनिंगइतकंच किंवा त्याहून जलद चालतं.

दोन मशीनची तुलना करायची तीही याच रीतीने. वाशीत किंवा नौपाड्यात दुकानात उभं राहून दोन्ही ७ व्होल्टवर लावली आणि “हे जोरात चालतं” म्हटलं, ही तुलना नव्हे. दोन्हींवर एकाच डब्यातली कार्ट्रिज, तीच शाई, तीच प्रॅक्टिस स्किन, तेवढाच स्ट्रोक, तेवढीच हँग ठेवा आणि सेकंदाचे मार सारखे करा. मग चार गोष्टी पाहा: स्किनवर टेकल्यावर वेग किती पडतो, ड्राइव्ह बार बाजूला किती हलतो, थरथर किती, आणि २० मिनिटांनी ग्रिपजवळ किती गरम होतं. ड्राइव्ह बारचं हलणं आम्ही सर्वांत वर ठेवतो, कारण त्याने रेघ जाड येते आणि दोष हाताला दिला जातो.

“अ‍ॅडजस्ट करायला काही नसतं.” कॉइलमध्ये असतात तसे काँटॅक्ट स्क्रू, स्प्रिंगा, कपॅसिटर रोटरीत नाहीत, इतपत हे खरं. पण स्ट्रोक, हँग आणि वेग वर आलेच. चौथा ‘गिव्ह’: कातडीने विरोध केला की सुई किती मागे सरते. ज्यात ड्राइव्ह बार कॅमला थेट जोडलेला असतो त्यात तो जवळपास शून्य. स्लायडर किंवा डॅम्पर असलेल्या मशीनमध्ये तो चकतीने कमीजास्त होतो. बंद मशीनचा ड्राइव्ह बार स्वच्छ काडीने दाबून पाहा, जितका मऊ सरकेल तितका गिव्ह. रेघेला तो कडक हवा. पाठीच्या जाड कातडीवर मऊ गिव्हने रेघ ओढली तर सुई मागे सरते, शाई वर राहते आणि पंधरवड्यात रेघ जागोजाग फिकी पडते. लोक अशा वेळी हँग वाढवतात. गिव्ह कडक करायला हवा होता. लांब दांडीच्या सुईवर रबरबँड असतील तर एक किंवा दोन पुरे. जास्त ताणले की दांडी वाकते आणि मोटर तापते, सैल राहिले की सुई तोंडात डुलते. आणि कॅमचा बारीक अ‍ॅलन स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच बसवा. गोल बाजूवर बसवला तर तो काही दिवसांत घसरतो, आधी टकटक ऐकू येते, मग सुईचा मार चुकू लागतो.

“रोटरीने रेघ येत नाही” याला फार वेळ देत नाही. थॉमस एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनला १८७६ मध्ये पेटंट मिळालं, त्यात छोटी मोटर फिरून सुई वरखाली करत असे. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायलीने १८९१ मध्ये विजेवरच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. तेही फिरणाऱ्या मोटरचंच. कॉइल नंतर आली. कॉइलचा एक गुण मान्य आहे: भार वाढला की तिचा आवाज बदलतो आणि हाताला आधीच कळतं. पण कडक गिव्ह, ३.५ ते ४ मिमी स्ट्रोक आणि न डुलणारा ड्राइव्ह बार असेल तर रोटरीची रेघ कॉइलइतकीच भरीव येते.

शेवटचं तेल. बहुतेक रोटरी मशीनची बेरिंगं सीलबंद असतात, तेल आत जात नाही. ते बाहेर साचतं, कापसाचे धागे धरतं, आणि ब्रशच्या मोटरमध्ये उतरलं तर ब्रश काळे पडून मशीन अडखळतं. कंपनीच्या पुस्तिकेत कॅमच्या फेल्टला (लोकरी गादीला) एक थेंब सांगितला असेल तर एकच थेंब. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने बेरिंग गंजतं. त्यावर उपाय म्हणजे बंद डब्यात सिलिका जेलची पुडी.

मशीन जड चालण्याचं एक कारण मात्र तेलाहून गंभीर आहे: कार्ट्रिजमधून मागे आलेली शाई आणि रक्त. कार्ट्रिजमधलं रबरी मेंब्रेन हे अडवण्यासाठीच असतं. स्वस्त कार्ट्रिजमध्ये ते फाटकं असतं किंवा नसतंच. मग ते मिश्रण ड्राइव्ह बारपर्यंत जाऊन वाळतं. स्टीलची सुटी ग्रिप १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करता येते, मोटर असलेलं मशीन करता येत नाही. वरून घातलेली प्लास्टिकची पिशवीही आतल्या रक्ताला थांबवत नाही. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि कार्ट्रिज नवी असली तरी मशीन तेच असतं. म्हणून नव्या डब्यातली एक कार्ट्रिज तपासणीसाठी बाजूला काढा. तिच्या मागच्या बाजूला पांढरा टिश्यू गुंडाळा, तोंड रंगीत पाण्यात बुडवा आणि मागचा दांडा स्वच्छ काडीने ५० वेळा दाबा. टिश्यूला रंग लागला तर तो डबा परत करा, आणि त्यातली एखादी आधी वापरली असेल तर ते मशीन उघडून साफ झाल्याशिवाय कुणाच्याही अंगाला लावू नका.