माशीच्या मेंदूत डावं-उजवं सारखं नसतं

‘कीटकाचा मेंदू म्हणजे आरशातली जोडी. अर्धा पाहिला की पुरे. फरक दिसलाच तर तो रंगाचा दोष, आणि फोटो उलटा झाला तरी काही बिघडत नाही.’ कीटकांच्या मेंदूच्या रंगीत फोटोंसोबत हे विधान सर्रास फिरतं. ते चूक आहे.

आधी आरशातली जोडी. पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला ही फळमाशी, घ्या. त्याच्या मेंदूत मध्यरेषेजवळ ‘असिमेट्रिकल बॉडी’ नावाचा चिमुकला पुंजका असतो. २००४ मध्ये पास्क्युअल, प्रेआ आणि सहकारी संशोधकांनी दाखवलं की मेंदू रंगवल्यावर बहुतेक माश्यांमध्ये तो फक्त उजवीकडे उजळतो. ज्या थोड्या माश्यांमध्ये तो दोन्हीकडे होता, त्यांना वास थोडा वेळ लक्षात राहिला, पण दीर्घकालीन स्मृती तयार झाली नाही. पुढे डावीकडेही त्याचा लहान भाग सापडला. मोठा मात्र उजवाच.

रंगाच्या दोषाचं म्हणणं अगदीच निराधार नाही. मेंदू स्लाइडवर तिरका बसला तर खोल गेलेली बाजू फिकट दिसते. पण मग त्या बाजूचं सगळंच फिकट होतं, आणि पुढच्या माशीत ती बाजू बदलू शकते. इथे फॅसिक्लिन-२ या प्रथिनाला धरणाऱ्या प्रतिपिंडाने मेंदू रंगवतात. त्याच रंगाने शेजारच्या मश्रूम बॉडीचे, म्हणजे मेंदूच्या डाव्या-उजव्या अशा जोडीने असलेल्या एका भागाचे, लोबही (फाटेही) उजळतात. ते दोन्हीकडे सारखे आणि पुंजका एकीकडेच, हे माशीमागून माशीत दिसत असेल, तर दोष रंगावर कसा ढकलणार?

राहिला उलटा फोटो. अमेरिकेतल्या जनेलिया केंद्रात एका मादीच्या मेंदूचे सात हजारांवर काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपले गेले. त्यावरूनच २०२४ मध्ये १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्या कामात हाच पुंजका भलत्या बाजूला दिसला आणि कळलं, की अख्खा चित्रसंचच डावा-उजवा उलटलेला आहे! मग पेशींच्या बाजूंची नावं त्यानुसार लावावी लागली. दोन्ही बाजू हुबेहूब असत्या, तर मेंदूकडे पाहून ही चूक कुणाच्या लक्षातच आली नसती.

म्हणून असे फोटो टाकणाऱ्यांना कळकळीची विनंती: मेंदू समोरून पाहिलाय की मागून, ते लिहा. समोरून पाहिलेल्या चित्रात माशीची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. आणि फोटो ओळखायला संगणक शिकवत असाल, तर आडवे उलटवलेले फोटो सरावात मिसळण्याची सोय आधी बंद करा. नाहीतर जो फरक शोधायचा, तोच दुर्लक्षित करायला तो शिकेल.