आण्णांच्या मार्गदर्शनाखाली

आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरतोय. गाडीचं तोंड वर, मी चाकाच्या पोकळीत कमरेपर्यंत घुसलेला, म्हणजे बिळात शिरताना अडकलेल्या घोरपडीचा जो भाग मागं उरतो तेवढाच जगाला दिसतोय. शेजारी बॉनेटवर पंजा टेकवून आण्णा उभे. नजर कॅमेऱ्यात, छाती पुढं, दुसरा हात पाठीमागं. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘आण्णांच्या मार्गदर्शनाखाली गाडीचे काम जोरात सुरू.’ त्यावर अंगठ्यांची रांग. त्याखाली सेक्रेटरींची सूचना, ‘पार्किंग हे गॅरेज नव्हे, याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.’ म्हणजे अंगठे आण्णांना आणि नोंद मला.

मी तीन ओळींचं उत्तर टाईप केलं आणि खोडलं. ग्रुपवर भांडणाऱ्या माणसाकडं दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक कसं बघतात ते मला माहीत आहे. म्हणून इथं लिहितोय.

प्रकरण एवढंसं होतं. गाडीच्या पुढच्या चाकातून कर्रर्र आवाज यायला लागला. एका गॅरेजवाल्यानं गाडी न उघडता, नुसती फाटकातून आत येताना ऐकून निदान केलं, “ब्रेकचे पॅड गेले, डिस्क गेली, दोन्ही बाजूचं टाकायला लागतंय.” आकडा ऐकून मी म्हटलं, आधी स्वतः चाक काढून बघू. उद्यमनगरातनं दोन टनाचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणला आणि जॅक स्टँडची जोडी आणली. गाडीसोबत कंपनी जो कैची जॅक देते तो रस्त्यात पंक्चर झाल्यावर चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. बरं, पुढं तोही मिळेल याची खात्री नाही. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम केंद्रानं २०२० सालीच केलाय. स्टेपनी नाही तर जॅक कशाला, असं म्हणायला कंपन्यांना किती वेळ लागतोय?

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरलो. आमच्याकडं पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांतले निम्मे पाय दिला की ढुलतात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा अंथरला. मोठा अशासाठी, की ट्रॉली जॅक वर जाताना त्याचा हात सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. त्यामुळं जॅकला थोडं पुढं सरकावं लागतं. त्याची चाकं फटीत अडकली, तर जॅक सरकत नाही आणि वरची वाटी गाडीवरनं सरकते. मग हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरात टाकली, मागच्या चाकांना मागून लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट अर्धा-अर्धा आटा सैल केले. हे गाडी जमिनीवर असतानाच करायचं. वर उचललेल्या गाडीच्या नटाला पान्यानं हिसके मारणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांच्या घरच्यांची काळजी वाटते.

इतकं होईपर्यंत आण्णा आले.

आण्णा पहिल्या मजल्यावर राहतात. एसटीतनं ड्रायव्हर म्हणून निवृत्त. गगनबावड्याच्या बाजूला हयात गेली आणि करूळ घाटातली सगळी वळणं झोपेत सांगतात. खरोखर झोपेत सांगतात, काकूंनीच सांगितलंय. पायात स्लिपर, खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा कप. कप आमच्या घरातला होता. बायकोनं माझ्यासाठी मुलाच्या हाती खाली पाठवलेला चहा जिन्यातच आण्णांपर्यंत पोचला होता.

“काय करालायस रं?”

“पुढचं चाक काढून बघतोय, आण्णा. आवाज येतोय.”

“इंजान गेलं.”

“चाकातनं येतोय.”

“इंजानाचा आवाज चाकातनंच येतोय की. आणि काय बघालायस हातात? पुस्तक?”

गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल होतं. जॅक कुठं लावायचा याचं चित्र त्यात असतं. कडेच्या पत्र्याला, सिलला, दोन खाचा असतात आणि त्या दोन खाचांच्या मधलीच जागा मजबूत केलेली असते. तिथं मला स्टँड लावायचे होते. जॅकला म्हणून पुढून मधोमध मॅन्युअलमध्ये दाखवलेली आडव्या बीमची जागा शोधत होतो. ही जागा सोडून दोन बोटं इकडंतिकडं लावला, तर जॅक गाडी उचलत नाही, ऑइल चेंबर नाहीतर पत्रा आत उचलतो.

“पुस्तक बघून गाडी उचलतोय!” आण्णांनी हे मला सांगितलं नाही. वर बाल्कनीत वाळत घालणाऱ्या वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मिस्त्री बोलवायचा की. रविवारी कशाला पैसे वाचवायचे?” पैसे वाचवायचे! जॅक आणि स्टँडच्या पैशात पंक्चरवाल्याची दिवाळी झाली असती. पण आपल्याकडं पांढरपेशा माणसाच्या हाताला ग्रीस लागलं, की तो एकतर कंजूष असतो किंवा त्याची नोकरी गेलेली असते.

मी दांडा मारायला लागलो. जॅक वर येईना. नव्या जॅकच्या तेलात वाहतुकीत हवा शिरते, ती काढायला व्हॉल्व उघडा ठेवून दांडा आठ-दहा वेळा मारायचा असतो. मी ते करत होतो.

“फुसका दिला तुला,” आण्णा म्हणाले. “तेल वत त्यात.”

“तेल आहे, आण्णा. हवा आहे आत.”

“मग ब्रेकऑइल वत. न्हाईतर खोबरेल. आमच्या टायमाला कायबी चालायचं.”

ब्रेकऑइल घातलं की जॅकमधली रबरी सिलं फुगून खराब होतात आणि जॅक कायमचा बसतो. हे मी सांगितलं. आण्णांनी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि करूळ घाट सुरू केला.

घाट असा. पावसाळा, रात्र, गाडी खच्चून भरलेली, मागचं चाक बसलं. जॅक डेपोत. मग आण्णांनी एक्सलखाली दगड रचले आणि पंक्चर चाकाखालची जमीन पहारीनं उकरून चाक मोकळं केलं. इथपर्यंत माझा विश्वास आहे. अशी युक्ती आहे आणि जुने ड्रायव्हर ती करत. पण घाट इथं थांबत नाही. मागं एकदा ऐकलं तेव्हा मदतीला चार गडी होते. या खेपेला वऱ्हाड होतं. नवरदेवानं मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मागचा बंपर धरला आणि आण्णांनी “हां, उचल!” म्हटल्यावर गाडी उचलली गेली. मी विचारलं, “मग दगड कशाला रचले?” आण्णांनी चहाचा घोट घेतला. “ते नंतर.”

जॅकनं गाडी उचलायला सुरुवात केली. आता हे यंत्र मला फार आवडतं. आतमध्ये एक बारीक दट्ट्या आणि एक जाड दट्ट्या, मध्ये तेल. बारीक दट्ट्यावर थोडं दाबलं, की तोच दाब तेलातनं जाड दट्ट्यावर पोचतो आणि क्षेत्रफळ जितक्या पट, तितक्या पट जोर वाढतो. किंमत एवढीच, की दांडा हातभर हलवला तर गाडी जेमतेम हलते. तत्त्व पास्कलचं, पण त्याच्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट १७९५ साली घेतलं इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं. या ब्रामाचं आधीचं काम म्हणजे सुधारित फ्लशचा संडास, १७७८. मधल्या काळात त्यानं एक कुलूप केलं आणि ते लंडनच्या दुकानाच्या काचेत लावलं, उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी. ते उघडलं १८५१ साली, हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं, कित्येक दिवस तिथं खपून. तोवर ब्रामा मरून गेला होता. हॉब्ज खटपट करत असताना मागं उभं राहून कुणी “डावीकडं फिरव, डावीकडं” म्हणत होतं का, याबद्दल मला फार उत्सुकता आहे.

गाडी वर आली. मी स्टँड उचलले.

“आता हे काय?”

“स्टँड. गाडी ह्याच्यावर ठेवायची.”

“जॅक हाय की.”

“जॅक उचलायला. धरून ठेवायला स्टँड.”

“दोन टनाचा जॅक, तुझी गाडी एक टनाचीबी न्हाई. भितोस किती मर्दा!”

दोन टन म्हणजे किती उचलेल ते. किती वेळ धरून ठेवेल ते कुठंच लिहिलेलं नसतं. सगळा भार एका रबरी सिलवर आणि एका छोट्या व्हॉल्ववर. व्हॉल्वखाली कचऱ्याचा कण अडकला तरी तेल मागं सरकतं आणि गाडी हळूहळू किंवा एकदम खाली येते. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मागच्या चाकाचा एक ठोकळा जागेवर नाही. आण्णा त्याच्यावर बसले होते.

“गुडघं दुखत्यात,” ते म्हणाले.

त्यांना उठवलं, वरून स्टूल मागवलं, ठोकळा परत लावला. स्टूलवर ते बसले नाहीत. बॉनेटला टेकून उभे राहिले, जॅकवर असलेल्या गाडीच्या. मी हात जोडले तेव्हा बाजूला झाले. दोन्ही कडेच्या पत्र्यांखाली स्टँड सारले, खिट्टी नीट बसली का बघितलं. पत्रा आणि स्टँड यांच्यात बोटभर फट होती. आता व्हॉल्व किंचित सोडून गाडी अलगद टेकवायची. स्टँडचं डोकं तिरकं तर नाही ना, म्हणून मी वाकून बघत होतो. हात नुकताच बाहेर काढला होता.

“ह्या दांड्याला वजन काय हाय बघू,” असं म्हणत आण्णांनी दांडा धरला आणि फिरवला.

व्हॉल्व पूर्ण उघडला. गाडी धाडकन खाली आली आणि स्टँडवर बसली. ती बोटभर फट. माझ्या बोटाची जाडी मी तिथंच मोजली.

आण्णांनी दांडा सोडला, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि समाधानानं म्हणाले, “बघ. झालं का काय? उगं भितोस.”

स्टँड होते म्हणून काही झालं नाही, हे वाक्य माझ्या घशात होतं. ते बाहेर आलं नाही. वयानं मोठा माणूस, एकाच जिन्यानं जायचं. मी नियमाप्रमाणं गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितलं, डळमळते का ते. तेव्हा हेच आण्णा ओरडले, “अरं, पडंल की!”

राग मला आण्णांचा कमी आणि त्या ‘झालं का काय’चा जास्त येतो. हायवेला कुठल्याही टायरवाल्याकडं बघा. अख्खा ट्रक एका बॉटल जॅकवर, जॅकखाली वीट, आणि खाली मिसरूड न फुटलेलं पोरगं उताणं. मालक खुर्चीवर. त्या पोराच्या मालकाला स्टँडची जोडी परवडत नाही असं नाही. ती आणली, तर पोरगं भित्रं ठरेल. रोज काही होत नाही, म्हणून रोज तसंच. आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी त्याला नशीब म्हणतात. असो. विनोदी लिहायला बसलो होतो.

चाक काढलं. फोटो याच वेळचा आहे. पॅड जाड होते, डिस्क गुळगुळीत. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मधल्या सापटीत हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरा बाहेर ओढला तसा टणकन खाली पडला. गॅरेजवाल्याचा सगळा आकडा तो. आण्णांनी खडा उचलला, फुंकर मारली आणि बाल्कनीकडं धरला. “मी आल्या आल्या सांगितलं, खडा आसणार!” वहिनींनी मान डोलावली.

चाक बसवलं, नट हातानं लावून समोरासमोरचे आवळले, गाडी जरा उचलून स्टँड काढले, हळू खाली घेतली आणि टेकल्यावर नट पुन्हा पक्के केले. तेवढं होईपर्यंत आण्णा निघून गेले होते. कप स्टूलवर ठेवून.

काल त्यांना जॅक हवा होता. बेडरूममधलं लोखंडी कपाट उचलून त्याखाली फरशीचे तुकडे सारायचे होते. काकू खाली हात घालून तुकडे सारणार होत्या, हे ऐकून मी जॅकबरोबर दोन्ही स्टँड स्वतः पहिल्या मजल्यावर नेऊन दिले आणि काय कशासाठी ते काकूंना सांगून आलो. दहा मिनिटांत दारात त्यांचा नातू. दोन हातांत दोन स्टँड.

“आण्णांनी सांगितलंय, ह्यांची गरज न्हाई, हे तुमच्याकडंच ठेवा. आणि विचारलंय, खाली आणताना दांडा कुठल्या बाजूला फिरवायचा?”