वॉल्टरचं पथ्यपाणी

इंग्लंडात थंडी पडली की लोक घर गरम करण्याच्या बिलाने हवालदिल होतात. आमच्याकडे ते बिल येतंच, शिवाय घरातला एक सदस्य मुद्दाम गार ठेवावा लागतो, त्याचं वेगळं.

हा सदस्य म्हणजे वॉल्टर. हर्मन जातीचं, दक्षिण युरोपातलं कासव. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि वॉल्टर आमच्या रेडिंगच्या घरी आला. मागच्या पायात मायक्रोचिप आणि सोबत फाइलभर कागद. सांगलीहून आलेल्या सासूबाई फाइल चाळून म्हणाल्या, "एवढे कागद तर आपल्या सातबाऱ्यालासुद्धा लागले नाहीत गं." त्यांच्या माहितीतलं कासव देवळात, गाभाऱ्यासमोर. दगडी. त्याला दिवा लागत नाही, पाला लागत नाही.

वॉल्टरला सगळं लागतं. अंग शेकायला दिव्याखाली तीस ते पस्तीस अंशांची जागा, आणि दुसऱ्या टोकाला गार कोपरा, कारण साहेबांना कंटाळा आला की हलता आलं पाहिजे. वर अतिनील किरणांचा दिवा. तो नसेल तर ड जीवनसत्त्व नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच नेमके हवे तेच किरण अडवते. हा दिवा दिसायला लख्ख असला तरी त्यातले किरण मंदावत जातात, म्हणून ठरावीक महिन्यांनी बदलायचा. चालू दिवा काढून टाकताना माझ्या नवऱ्याचा, अनिकेतचा, चेहरा बघवत नाही. त्यांच्या घरी बंद पडलेली ट्यूबसुद्धा "राहू दे, लागेल" म्हणून माळ्यावर जाते.

खाण्याची तर वेगळीच तऱ्हा. सासूबाईंनी प्रेमाने काकडीची कोशिंबीर (दाण्याचं कूट न घालता, हा त्यांचा मोठा त्याग) पुढे केली. काकडी नको, नुसतं पाणी. केळं नको, साखर. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मग हवं काय? तण! डँडेलायनची पानं, रस्त्याकडेला उगवणारं रुंद पानांचं प्लँटेन, जास्वंदीचं फूल. आणि तेही औषध न फवारलेलं. म्हणून मी पिशवी घेऊन बागेत तण खुडते. आयटीत एवढी वर्षं काढून हे.

पण खरी परीक्षा कार्तिकात. तिकडे चार महिन्यांची झोप संपवून विष्णू उठतो आणि इकडे त्याचा कूर्मावतार हिवाळ्याच्या लांब झोपेला निघतो. झोपेआधी दोन-तीन आठवडे जेवण बंद, रोज कोमट पाण्याचं स्नान. गारठ्यात पचन थांबतं, पोटात उरलेलं अन्न कुजतं. म्हणून पोट रिकामं आणि अंगात पाणी भरपूर, असा नियम.

"उपाशी झोपवायचं?" सासूबाईंचा आवाज चढला. "आमच्या दारातनं भिकारी कधी उपाशी गेला नाही!"

त्यानंतर वॉल्टर पेटीत आणि पेटी फ्रिजमध्ये. होय, फ्रिजमध्ये. बाहेरच्या हवेचा भरवसा नाही. शून्याखाली गेलं तर डोळे जायची भीती, दहाच्या वर गेलं तर अर्धवट जागा होऊन साठवलेली चरबी जाळत बसतो. पाच अंश हवेत. म्हणून जिन्याखाली त्याचा स्वतंत्र छोटा फ्रिज, तापमान स्थिर राहावं म्हणून आत पाण्याच्या बाटल्या, आणि हवा बदलावी म्हणून रोज थोडा वेळ दार उघडायचं.

रिकामी जागा दिसली की तिथे डबा ठेवायचा, हा आपला राष्ट्रीय स्वभाव. अनिकेतला तिथे बिअर दिसू लागली. मला, खरं सांगायचं तर, इडलीचं पीठ. पण कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून खाण्याच्या वस्तू तिथे ठेवायच्या नाहीत. हे ऐकून सासूबाई पहिल्यांदाच खूश झाल्या. त्यांचं सोवळं आणि इथल्या डॉक्टरांचा सल्ला जन्मात प्रथमच जुळला होता. फ्रिजवर त्यांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली: "शिवू नये."

दर रविवारी वजन. महिन्याला साधारण एक टक्का घटलं तर ठीक. एकूण दहा टक्क्यांकडे जायला लागलं की झोपमोड करायची. झोपेत शू केली तरी उठवायचं, कारण अंगातलं पाणी गेलं. वजनकाटा स्वयंपाकघरातला नाही, त्याचा वेगळा. आकडे वहीत लिहायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. खाली सही करतात.

त्या परत गेल्या तरी वही बंद झालेली नाही. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो.

"किती भरला?"

"चार ग्रॅम कमी, आई."

"बरं. आणि अनिकेत?"

"दोन किलो जास्त."

पलीकडे पेनाची करकर ऐकू आली. "त्याचा फ्रिज बंद कर."