वीस रुपये आणि एक सबस्क्रिप्शन

परवा सकाळी सव्वासातला टिळक रोडजवळच्या अमृततुल्यात माझे वीस रुपये गेले नाहीत. स्कॅन केलं, पिन टाकला, लाल फुली. परत केलं, परत फुली. मागे आठ-दहा जण रांगेत, चहावाला गाळणं हातात धरून माझ्याकडे बघतोय, आणि मी ऑफिसात लाखांची बिलं पास करणारा माणूस दोन कटिंगसाठी मोबाईल वर धरून रेंज शोधतोय. रेंज होती हो. शिल्लक नव्हती. फुटकळ खर्चासाठी ठेवलेल्या त्या खात्यातून पहाटे गाण्याच्या अ‍ॅपने वर्षाचे पैसे कापून नेले होते आणि मागे अकरा रुपये ठेवले होते.

तीन महिने फुकट म्हणून घेतलं होतं. घ्यायचं की नाही हे नीट बघून ठरवू म्हणून मी चक्क वही केली होती (बायको त्या वहीला "पीएचडी" म्हणते). कापायच्या २४ तास आधी मेसेज यायचा नियम आहे, तो आलाही होता. पण पर्सनल लोनच्या चार आणि प्लॉटच्या दोन मेसेजच्या मध्ये दबून बसलेला मेसेज कोण वाचतं?

तर मागून एक हात आला. कानटोपी, कापडी पिशवी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. काकांनी विसाची नोट गल्ल्यावर ठेवली आणि त्या क्षणी मला प्रश्न विचारायचा कायदेशीर हक्क मिळवला.

"कसले पैसे गेले म्हणालात?"

"गाण्याचे, काका. म्हणजे ऐकायचे."

"कॅसेट घरी येते?"

"नाही. मोबाईलवरच ऐकायचं."

"आणि पुढच्या वर्षी पैसे नाही भरले तर?"

"मग... जाहिराती लागतात मध्ये. डाउनलोड केलेली गाणी पण वाजत नाहीत."

काकांनी बशीत चहा ओतला. "म्हणजे भाड्याची खोली. वर्षभर भाडं भरायचं आणि निघताना खिळासुद्धा काढून न्यायचा नाही."

मी जरा चिडलो. म्हटलं, काका, लाखो गाणी आहेत त्यात, तुम्ही नाव घ्याल तो गायक आहे. हे बोलायला नको होतं.

"असं? मग सकाळी काय लावतं ते?"

आता खोटं बोलता येईना, वहीतच लिहिलेलं होतं. 'शुभ सकाळ' नावाच्या यादीत त्याने मला सात वाजता मारवा लावला होता. मारवा, संध्याकाळचा राग! काकांनी बशी खाली ठेवली. "त्या यंत्रात घड्याळ नाही का हो? मोबाईलात तर असतं."

पुढे काय विचारता, काका सुटलेच. आम्ही रमणबागेत रात्र रात्र सवाई गंधर्व महोत्सव ऐकलाय, सतरंजीवर, मफलर गुंडाळून. जाहिराती तेव्हाही होत्या, पण प्रायोजकांची नावं वाचून होईपर्यंत आम्ही बटाटेवडा खाऊन परत यायचो, तुमच्या जाहिरातीत वडा मिळतो का? चहावाला हसला. माझ्याकडून पैसे आले नव्हते तरी हसला.

एक मात्र सांगतो, वहीतली माझी तक्रार खरी आहे. ललत हा पहाटेचा राग शोधायला गेलं की ललत, ललित, नुसतं लल अशी तीन स्पेलिंगं मारावी लागतात आणि तरी पहिला निकाल कुठल्या तरी ललितच्या लग्नाच्या डीजेचा. ख्यालाचे विलंबित (आधीचा संथ) आणि द्रुत (नंतरचा जलद) असे दोन तुकडे वेगवेगळे टाकलेले असतात, शफल, म्हणजे गाणी उलटसुलट लावायचं बटण, चालू राहिलं की द्रुत आधी, म्हणजे बडीशेप देऊन मग जेवणाचं पान वाढायचं. गायकाचं नाव असतं, पण तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे शोधत बसा. जुन्या कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात का होईना, बिचाऱ्यांची नावं असायची. आणि बऱ्याच ठिकाणी ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात म्हणे. ३० सेकंदांत आमच्याकडे बुवांचा घसासुद्धा खाकरून होत नाही! त्यात वरचे पैसे भरून 'लॉसलेस', म्हणजे काही न गाळता दिलेला आवाज, घ्या म्हणून मागे लागतात, ते घेऊन मी वाजवणार नऊशे रुपयांच्या ब्लूटूथ स्पीकरवर, जिथे ब्लूटूथ ते सगळं परत दाबून बारीक करतं. म्हणजे हापूस आणून त्याचा मिल्कशेक.

हे सगळं मी काकांना सांगितलं, वाटलं बाजू घेतील.

"किती दिवस बघत होतात म्हणालात?"

"तीन महिने."

"अब्दुल करीम खाँसाहेबांनी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा केला. आणि तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवायला तीन महिने."

रांगेतला एक कॉलेजचा पोरगा फिस्सकन हसला. ते हसू अजून माझ्या कानात आहे, त्याला स्किपचं बटण नाही.

म्हटलं काका, नंबर द्या, वीस रुपये पाठवतो. "कुठून पाठवणार? खात्यात अकरा आहेत ना? उद्या रोख आणा. मी सव्वासातला इथेच असतो."

घरी जाऊन आधी कॅन्सल करायला घेतलं. बटण सापडायला सतरा मिनिटं, मग 'खरंच सोडून जाताय का' असं तीनदा विचारलं, एवढं तर मी नोकरी सोडली तेव्हा साहेबांनी विचारलं नव्हतं. शेवटी कळलं की कापलेले पैसे परत मिळणार नाहीत, फक्त पुढच्या वर्षीचे वाचतील.

काल नोट घेऊन गेलो. काकांनी पिशवीतून छोटी डायरी काढली, "गाणेवाले – २०" असं लिहिलेलं होतं त्यावर रेघ मारली. वाटलं सुटलो.

"आता भाडं भरलंच आहे तर लावा ललत. उशीर झालाय खरं तर, ऊन वर आलंय, पण चालेल."

मी तिन्ही स्पेलिंगं मारली, सापडलं, आवाज मोठा केला, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. काकांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"हे मधूनच कुठून सुरू झालं?"

शफल चालू राहिलं होतं.