गुर्द्याचा वास, ‘शिळं’ सोरपोतेल आणि कोरडी कलेजी: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

शनिवारी रात्री आमच्या म्हापशाच्या हॉटेलात तुम्ही चौघांनी ‘देशोदेशीची कलेजी-वजडी’ थाळी घेतली आणि दोन स्टार दिले. गुर्द्याला लघवीचा वास येत होता, सोरपोतेल (डुकराचं मांस आणि कलेजी घातलेला गोव्याचा आंबट-तिखट रस्सा) दोन दिवसांचं शिळं होतं, कलेजी अर्धकच्ची मागूनही दिली नाही आणि जी आली ती कोरडी होती, वजडी मळकट होती, असं तुम्ही लिहिलंत. वर वेटर म्हणाला, ‘सवय नसेल तर मागवू नये.’ यातल्या काही गोष्टी सरळ आमच्या चुका आहेत. काही मात्र चुका नाहीत, आणि त्या का नाहीत ते नीट सांगायला हवं.

गुर्दा आमचाच चुकला. हा इंग्लिश न्याहारीतला मोहरी-तिखटाचा प्रकार. तिकडे मेंढीचा गुर्दा घेतात, आम्ही डुकराचा घेतो आणि त्याला वास जास्त असतो, म्हणून साफसफाईत सूट चालत नाही. गुर्दा उभा चिरला की मधोमध पांढरट, रबरासारख्या नळ्यांची गाठ दिसते. लघवी तिथे गोळा होते आणि वासाचं मूळही तिथेच. आधी वरची पातळ साल ओढून काढायची, मग टोकदार कात्रीने ती गाठ आजूबाजूच्या गडद मांसाचा थोडा थर घेऊन मुळापासून कापायची. चमच्याने खरवडून ती निघत नाही. नंतर एक सेंटिमीटरचे काप करून थंड पाण्यात 2 तास ठेवायचे, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. शनिवारी गर्दीत दुसऱ्या खेपेचे गुर्दे 40 मिनिटांतच बाहेर काढले गेले आणि काहींत गाठीचे तुकडे तसेच राहिले होते. मोहरी कितीही घातली तरी हा वास झाकला जात नाही, तापल्या तव्यावर तो जास्तच उठतो. तुम्ही प्लेट परत पाठवलीत ते योग्य केलंत. त्याचे पैसे बिलातून वजा व्हायला हवे होते. बिल क्रमांक कळवा, लगेच परत करतो.

सोरपोतेलाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ते दोन दिवसांचंच होतं आणि मुद्दाम तसं होतं. गोव्यात लग्नाचं किंवा नाताळचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून रोज उकळून ठेवतात. मूळ पदार्थ पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातला ‘सारापातेल’. ब्राझीलच्या ईशान्य भागातही तो त्याच नावाने खातात. आमचं प्रमाण असं: चरबीसकट 1 किलो डुकराचं मांस, 300 ग्रॅम कलेजी, एक दिल (हृदय), 20 सुक्या मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि 150 मिली माडाच्या सुरेचं व्हिनेगर. रक्त आम्ही घालत नाही. मांस आधी 20 मिनिटं उकडतो, कारण कच्च्याचे हरभऱ्याएवढे तुकडे होत नाहीत, चाकूखाली ते सरकतं. कलेजी वेगळी, चार-पाच मिनिटंच, नाहीतर ती भुकटी होऊन रस्सा गढूळ करते. मग प्रत्येक भाग वेगवेगळा त्याच्याच चरबीत परतून मसाल्यात जातो. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियमला व्हिनेगर खातं आणि रश्श्याला धातूची चव येते.

पहिल्या दिवशी हे सोरपोतेल खाल्लंत तर व्हिनेगर नाकात झोंबेल आणि मसाला मांसापासून सुटा लागेल. तिसऱ्या दिवशी आंबटपणा आत मुरलेला असतो, कलेजीचा कडवटपणा उतरलेला असतो आणि वर केशरी चरबीचा थर धरतो. चमच्याने तो बाजूला केला की खाली रस्सा दाट, जवळजवळ काळसर लाल दिसतो. तीच त्याची खरी वेळ. बाहेर ठेवून रोज उकळण्याची घरगुती पद्धत आम्ही हॉटेलात पाळत नाही, पावसाळ्यातल्या दमट हवेत ती धोक्याची आहे. उथळ ट्रेमध्ये पसरून 2 तासांत 21 अंशांखाली आणि पुढच्या 4 तासांत 5 अंशांखाली आणतो. फक्त लागेल तेवढाच भाग काढून खळखळून उकळतो, आणि उरलेला पुन्हा फ्रीजमध्ये जात नाही.

कलेजी अर्धकच्ची आम्ही कुणालाच देणार नाही, ही डुकराची आहे. जपानी हॉटेलांत कच्ची कलेजी खाताना पाहिल्याचं तुम्ही लिहिलंय. खुद्द जपाननेच 2012 साली गाईची कच्ची कलेजी आणि 2015 साली कच्चं डुक्कर, कलेजीसकट, हॉटेलांत द्यायला बंदी घातली. डुकराच्या कलेजीत हेपॅटायटिस ई चा विषाणू असू शकतो. म्हणून काप जिथे सर्वांत जाड असेल तिथे 71 अंश व्हायलाच हवेत. पण त्यापुढे तव्यावर ठेवायचीही गरज नाही, आणि कोरडेपणाची तुमची तक्रार इथे खरी आहे. थर्मामीटर न लावता नुसत्या अंदाजाने ती जास्त वेळ ठेवली गेली, की ती रवाळ होते आणि घशात अडकते. आता प्रत्येक खेपेला थर्मामीटर लावल्याशिवाय प्लेट बाहेर जात नाही. मीठही शेवटी घालतो, आधी घातलं तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ती शिजते.

वजडीचा रंग ही घाण नव्हे. पांढरीशुभ्र वजडी रसायनात बुडवून तशी केलेली असते, आणि तिचा स्वाद त्यातच जातो. नुसती धुतलेली वजडी करडी-तपकिरीच दिसते. साधारण 65 ते 70 अंशांच्या पाण्यात बुडवून वरचा गडद थर खरवडतो (उकळत्या पाण्यात तो उलट घट्ट बसतो), मीठ आणि लिंबाने चोळतो, 10 मिनिटं उकळून ते पाणी फेकतो आणि मग शिजवतो. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात ती गुरांच्या जठराची, पांढऱ्या बीन्ससोबत करतात. आमच्याकडे बोकडाची, आणि सोबत गोव्याची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज. हे मेनूवर लिहिलेलं आहे.

वेटरच्या बोलण्याबद्दल मनापासून माफी मागतो. नवं खायला आलेल्या माणसाला असं बोलणं बरोबर नाही. त्याने सांगायला हवं होतं की आधी दिल घ्या. पेरू देशात ते व्हिनेगर, जिरं, लसूण आणि सुकी मिरची लावून निखाऱ्यावर भाजतात, तसं आम्ही डुकराचं करतो. ते निव्वळ स्नायूचं मांस असतं, वास नसतो. ते आवडलं की कलेजी, मग वजडी, आणि गुर्दा सगळ्यांत शेवटी. थाळीत हे सगळं एकदम पुढे येतं आणि गुर्द्याचा वास बाकीच्यांनाही चिकटतो, म्हणून कालपासून गुर्दा वेगळ्या वाटीत, मागितल्यावरच देतो. सोरपोतेल कोणत्या तारखेला शिजवलं ते आता वाढतानाच सांगितलं जाईल.