म्हणे चिनी गाणं!

मंगळवार, म्हणजे इथे टोकियोत मोएरु-गोमी, जाळायच्या कचऱ्याचा दिवस. पिशवी खाली जाळीत ठेवून वर आले, तर ताईचे अकरा स्क्रीनशॉट येऊन पडलेले. चिंचवडला तिच्या सोसायटीत गणपतीच्या चौथ्या दिवशी मुलांचा कार्यक्रम झाला, त्यात माझ्या भाचीनं एक जपानी गाणं म्हटलं आणि त्यावरून ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत रणकंदन. ‘बाप्पासमोर ही चिनी कार्टूनची गाणी कशाला?’ इथून सुरुवात. मग ‘मुलीला अर्थ तरी कळतो का?’ मग ‘मनाचे श्लोक येत नाहीत, हे बरं येतं.’ मधेच कुणीतरी भगवा झेंडा टाकलेला, कुणीतरी नुसतेच जोडलेले हात.

चिनी! मला आधी तेच झोंबलं. (इथे येण्यापूर्वी मलाही फरक कळत नव्हता, पण म्हणून मी ग्रुपवर लिहीत नव्हते.)

गुन्हेगार खरं तर मीच. मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे निशी-कासाईला आली होती, तेव्हा मी आणि माझ्या लेकीनं तिला कराओकेला नेलं. तिथे ती ‘इटर्नल ब्लेझ’च्या प्रेमात पडली. गाणं २००५ चं, ‘लिरिकल नानोहा’ या अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं. गाणारी मिझुकी नाना, शब्दही तिचेच, आणि त्याच मालिकेतल्या फेट या मुलीला आवाजही तिचाच. ‘नारुतो’तली हिनाता म्हणजेही हीच, असं सांगितलं की आपल्या पोरांचे डोळे मोठे होतात.

ही बाई काही कार्टूनसाठी किंचाळायला जन्मलेली नाही. शिकोकू बेटावरचं निइहामा हे तिचं गाव, तांब्याच्या खाणींवर वाढलेलं. वडील तिथे कराओकेचा क्लास चालवायचे, आणि पोरीला एन्का (जुन्या वळणाची जपानी भावगीतं) गाणारी गायिका करायचं हे त्यांनी ती लहान असतानाच ठरवून टाकलेलं. पंधराव्या वर्षी ती टोकियोत शिकायला आली. एन्काची वाट काही फुटली नाही, ती आवाज देण्याच्या कामाकडे वळली. पण गळ्यावर बसलेले संस्कार कुठे जातात? मी जाणकार नाही, पण लांबवलेल्या सुराच्या शेवटी ती जी गिरकी घेते ती ऐकून मला आजीच्या रेडिओची आठवण येते. २००९ साली आवाज देणाऱ्या कलाकारांतून पहिल्यांदा कोहाकुच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री टीव्हीवर होणाऱ्या मानाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, मंचावर गेली ती हीच. त्यानंतर २०१४ पर्यंत सलग सहा वर्षं. वडील त्या पहिल्या कोहाकुच्या आदल्याच वर्षी गेले होते. २००९ च्या त्या ३१ डिसेंबरला मी सोबा नूडल्सची वाटी हातात घेऊन टीव्हीसमोर बसले होते आणि ही कोण, हेही मला ठाऊक नव्हतं.

आता ‘कार्टूनची गाणी’ या शब्दाकडे येते. अ‍ॅनिमेच्या सुरुवातीच्या गाण्याला टीव्हीवर जेमतेम ९० सेकंद मिळतात. तेवढ्यात मुखडा, चढण आणि सगळ्यांना उठवून बसवणारी ओळ, सगळं बसवायचं. नांदीच ती, फक्त पडदा तिच्यासाठी थांबत नाही. आणि आपल्याला तर हे परकं वाटायचं काही कारणच नाही. ज्याची भूमिका त्याचाच गळा, हा संगीत नाटकाचा नेम होता. १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून आपण रागाच्या भरात तलवार उपसायची सोडून पद म्हणणारे नट बघत आलो, वर वन्समोअर देत आलो. २०१२ च्या ‘सिम्फोगिअर’मध्ये मिझुकीची त्सुबासा तलवारही चालवते आणि गातेही, दोन्ही एकदम. उलट सिनेमात चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. ते मात्र आपल्याला शुद्ध वाटतं! आणि त्या संगीत नाटकाला साथ कशाची? ऑर्गनची. तो काही सातारच्या सुतारानं शोधून काढलेला नाही.

भाचीची गंधर्वची ‘प्रवेशिका पूर्ण’ झालेली आहे. कराओकेचं मशीन गाणं संपल्यावर गुण देतं आणि व्हिब्रातो किती, शाकुरी (खालून उचलून घेतलेला सूर) किती, कोबुशी किती, हेही मोजून दाखवतं. कोबुशी म्हणजे एन्कातली ती गळ्याची गिरकी, आपली मुरकी म्हणा. पडद्यावर कांजीच्या (चिनी वळणाच्या अक्षरांच्या) डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना लिपी, आणि अक्षरांवर डावीकडून उजवीकडे रंग सरकत जातो. भाचीला यातलं काही वाचता येत नव्हतं, तिनं रोमन अक्षरांत वहीवर उतरवून घेतलं होतं. गुण माझ्या लेकीला जास्त मिळाले. पण कोबुशीच्या रकान्यात भाचीनं तिला पार मागे टाकलं, आणि लेक तोंड पाडून मेलन सोडा आणायला गेली. चार वर्षं अलंकार-पलटे घोटल्याचं चीज असं निशी-कासाईच्या चौथ्या मजल्यावर झालं. चिंचवडच्या काकांना हे कसं सांगणार?

अर्थ कळतो का, म्हणे. अथर्वशीर्षाचा अर्थ त्या ग्रुपवर किती जण सांगतील? मी नाही सांगू शकत. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरवर जे वाजतं, त्यावर गेल्या वर्षी त्या ग्रुपवर एकही मेसेज नव्हता. मी ताईला विचारून खात्री केली.

जपानी तेवढे उदार, असंही काही नाही. मिझुकीनं डिसेंबर २०११ मध्ये टोकियो डोम सलग दोन दिवस भरवला, तरी आमच्या ऑफिसातला एक काचो (विभागप्रमुख) तिच्या कार्यक्रमात हलवायचा निळा पेनलाइट कागदाच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, अशी लपवून आणतो. मी एकदा पाहिलं, तर कान लाल करून म्हणाला, पुतण्याचा आहे. प्रतिष्ठित आणि अप्रतिष्ठित गाण्यांची वेगवेगळी फडताळं इथेही आहेतच. ग्रुपसाठी उत्तर लिहिताना हा भाग मी गाळला होता.

आणखी एक गोष्ट गाळली होती. इथे आमचा पंचवीस-तीस कुटुंबांचा गणपती असतो, वॉर्डाचा हॉल घेऊन. उकडीचे मोदक, स्लीपर्सचा ढीग, हॉलच्या नियमामुळे आरतीला निरांजनाऐवजी सेलवरचे दिवे. सहा वर्षांपूर्वी मुलांच्या कार्यक्रमाचा फॉर्म माझ्याकडे होता. त्यात ‘गाणी फक्त मराठी किंवा हिंदी’ ही ओळ मीच टाईप केली, सगळ्यांनी ती उचलून धरली. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला नेमकं हेच गाणं म्हणायचं होतं. मी म्हटलं, अगं, ते रोज शाळेत आहेच, वर्षातून एक दिवस तरी आपलं. ‘आपलं’ म्हणताना मला कोण दिसत होतं कुणास ठाऊक. समोरच्या रांगेतल्या बायका, बहुतेक. मग ती समूहगीतात मागच्या रांगेत उभी राहिली. व्हिडिओ आहे माझ्याकडे. ओठ हलतायत, पण आवाज नाही. मराठी शब्द पाठ होते तिला, मी घोकून घेतले होते.

यंदाचा फॉर्म परवाच आला. ती ओळ तशीच आहे, दर वर्षी फक्त तारीख बदलतात. काल रात्री मी लेकीला सहज विचारलं, यंदा म्हणशील का ते गाणं, मी बोलते मंडळात.

‘बेत्सुनि,’ म्हणजे ‘काही विशेष नाही,’ म्हणाली, आणि बेंतोचा डबा सिंकमध्ये ठेवून आत गेली.