‘एका रात्रीत आशय विश्लेषण’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘आशय विश्लेषण एका रात्रीत’ असा मेसेज प्रबंध लिहिणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. आशय विश्लेषण म्हणजे बातम्यांसारखा मजकूर ठरलेल्या नियमांनी गटांत टाकून अभ्यासायची पद्धत. परवा तो माझ्या भाचीपर्यंत आला. समाजशास्त्रात एम.ए. करतेय ती, नाशिकच्या वर्तमानपत्रांतल्या कांद्याच्या बातम्या हा तिचा विषय. ‘मावशी, मग मी दुसरा कोडर कशाला शोधत बसले?’ असं तिने विचारलं आणि मला राहवेना. कोडर म्हणजे बातमी वाचून ती कुठल्या गटात जाते ते ठरवणारा माणूस.

मेसेज म्हणतो, मुख्य शब्द सॉफ्टवेअरमध्ये टाका, आकडा आला की झालं. ‘कांदा’ टाकून बघा. कांद्याला, कांद्याचे, कांद्यावर यातलं एकही हाती लागणार नाही, कारण विभक्ती लागली की मराठीत शब्दाचं रूप बदलतं. कांदाभजीची पाककृती मात्र येईल. बरं, सगळी रूपं दिली तरी अर्थाचं काय? ‘कांद्याने रडवले’ म्हणजे मुंबईत भाव चढले आणि गिऱ्हाईक रडलं. लासलगावात भाव पडले आणि शेतकरी रडला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, तेव्हा एकाला दिलासा होता तो दुसऱ्याला घाव होता. नुसती मोजणी दोन्ही एकाच खात्यात टाकते.

मोजणी असते, हे खरं. संशोधक बर्नार्ड बेरेलसन यांनी १९५२ मध्ये केलेल्या आशय विश्लेषणाच्या व्याख्येत ‘संख्यात्मक’ शब्द आहेच. पण सोबत ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘पद्धतशीर’ही आहेत, त्यांचा मेसेजमध्ये पत्ता नाही.

सगळ्यात घातक सल्ला पुढे आहे: ‘दुसरा कोडर नको, अभ्यास तुमचा, मत तुमचं.’ अहो, मग ते संशोधन कसलं? रविवारी भाची आणि तिची मैत्रीण आमच्याकडे ४० मथळ्यांच्या झेरॉक्स घेऊन ते गटांत टाकायला बसल्या, एकमेकींचं न बघता. ११ मथळे जुळले नाहीत. ‘लिलाव बंद’ एकीने ‘आंदोलन’मध्ये टाकला, दुसरीने ‘बाजार’मध्ये. भाची एकटीच बसली असती तर ही फट दिसलीच नसती. आणि नुसतं किती जुळलं ते पाहूनही भागत नाही. दोनच गट असतील तर डोळे मिटून टाकले तरी निम्मे जुळू शकतात. या पद्धतीचे अभ्यासक क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा, म्हणजे कोडर एकमेकांशी किती जुळले ते सांगणारा आकडा, हा योगायोग वजा करतो. त्यांचा दंडक सरळ आहे: ०.८०० किंवा वर असेल तर विसंबा, त्याखाली ०.६६७ पर्यंत फक्त तात्पुरते निष्कर्ष काढा, त्याहून कमी असेल तर नको.

‘बातम्यांवरून वाचकांचं मत सिद्ध होतं’ हेही चूक. छापलं काय ते कळतं. वाटलं काय, ते वाचकालाच विचारावं लागतं.

या पद्धतीत खर्च कमी, कोणाची मुलाखत मागायला नको, जुने अंक वाचनालयात मिळतात, एवढं मान्य करते. पण एका रात्रीत नाही. त्या ११ मथळ्यांपायी कोडबुकात, म्हणजे काय कुठल्या गटात टाकायचं त्या नियमांच्या वहीत, नवा नियम आला: मथळ्यावर थांबायचं नाही, लिलाव कोणी बंद पाडले ते बातमीत शोधायचं, शेतकऱ्यांनी पाडले तर ‘आंदोलन’, सुट्टीमुळे असतील तर ‘बाजार’. पुढच्या रविवारी नवे ४० मथळे, बातम्यांसकट, घेऊन दोघी पुन्हा बसणार आहेत.